अंदाजवही: वाचन आणि रोजच्या निरीक्षणातून प्रॉडक्ट मॅनेजर होताना

माझं पहिलं फीचर लाँच झालं तेव्हा प्रॉडक्ट मॅनेजमेंटवरची डझनभर पुस्तकं माझ्या कपाटात होती. बहुतेक वाचलेली, काहींत पेन्सिलीच्या खुणाही केलेल्या. ते फीचर पहिल्या महिन्यात अकरा जणांनी वापरलं आणि त्यातले चार आमच्याच टीमचे होते.

फीचर होतं रिपोर्टचं. रंगीत आलेख, तारखांचे फिल्टर, सगळं साग्रसंगीत. बनवण्यापूर्वी मी सहा ग्राहकांशी बोललो होतो आणि सहाही जण म्हणाले होते, "वा, असं काहीतरी हवंच होतं." लाँच फसल्यावर त्यांच्यातल्याच एकाच्या शेजारी जाऊन बसलो. दर सोमवारी सकाळी तो आमच्या स्क्रीनवरचे तीन आकडे ईमेलमध्ये टाइप करून आपल्या साहेबांना पाठवत होता. त्याला आलेख नको होते. ते तीन आकडे सोमवारी आपोआप साहेबांकडे गेले असते तर त्याचं काम झालं असतं.

लोक तोंडावर बरं बोलतात, त्यांना भविष्यातलं विचारू नये, त्यांचं काम प्रत्यक्ष पाहावं, हे सगळं मी वाचलेलं होतं. ज्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली होती, नेमकी तीच चूक मी केली. वाचलेलं आणि वेळेवर सुचणारं यांच्यात अंतर असतं, आणि आणखी चार पुस्तकं वाचून ते भरत नाही. माझं ते अंतर कमी झालं एका साध्या सवयीने: निकाल कळण्याआधी आपला अंदाज लिहून ठेवायचा. हा लेख त्या सवयीभोवती बेतलेला आहे. काय वाचावं, काय पाहावं, कोणाशी कसं बोलावं आणि नोकरीपर्यंत कसं पोहोचावं, हे सगळं त्या वहीच्या ओघात येईल.

आधी हे काम काय आहे ते नीट बघा

दुरून डोंगर साजरे असतात आणि हा डोंगर तर फारच साजरा दिसतो. म्हणून थोडं मागे जाऊ. १३ मे १९३१ रोजी प्रॉक्टर अँड गॅम्बलमधल्या नील मॅकेलरॉय नावाच्या तरुणाने वरिष्ठांना एक टिपण पाठवलं. तो कॅमे साबणाच्या जाहिरातीचं काम पाहत होता आणि त्याच कंपनीचा आयव्हरी हा साबण कॅमेच्या वाट्याचं सगळं लक्ष खेचून घेत होता. त्याने सुचवलं की प्रत्येक ब्रँडला त्याची स्वतःची माणसं हवीत. या माणसांनी काय करायचं तेही त्याने लिहिलं: कुठे माल खपतो आणि कुठे नाही याचे आकडे बारकाईने पाहायचे, जिथे खपत नाही तिथे स्वतः जायचं, दुकानदारांशी आणि ग्राहकांशी बोलायचं, दुखणं शोधायचं, उपाय ठरवायचा आणि तो लागू पडला की नाही हेही तपासायचं. पुढे हा माणूस कंपनीचा अध्यक्ष झाला आणि १९५७ मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री. ते टिपण लिहिलं तेव्हा सॉफ्टवेअरचा उद्योग जन्मालाही आला नव्हता, तरी त्या टिपणातलं काम आज प्रॉडक्ट मॅनेजर करतो त्यापेक्षा फारसं वेगळं नाही.

आजच्या भाषेत हे काम मांडायला मला प्रॉडक्ट मॅनेजमेंटवर लिहिणारे मार्टी केगन यांची विभागणी सर्वांत उपयोगी वाटते. ते म्हणतात की कोणत्याही नव्या गोष्टीत चार धोके असतात. लोकांना ती हवी आहे का? त्यांना ती वापरता येईल का? आपल्या टीमला ती बांधता येईल का? आणि धंदा म्हणून ती परवडेल, कायद्यात बसेल, विकता येईल का? दुसऱ्या प्रश्नाची काळजी डिझायनर घेतो, तिसऱ्याची इंजिनिअर. पहिला आणि चौथा प्रॉडक्ट मॅनेजरच्या गळ्यात.

प्रोजेक्ट मॅनेजर "कधी होणार?" हे पाहतो, प्रॉडक्ट मॅनेजर "करायचं तरी का?" हे. प्रत्यक्षात कित्येक कंपन्यांत एकच माणूस दोन्ही करतो आणि पदाचं नाव तिसरंच असतं, म्हणून जाहिरातीतल्या पदापेक्षा कामाचं वर्णन वाचावं. आणखी एक भ्रम काढून टाका: "प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे त्या प्रॉडक्टचा सीईओ." सीईओला माणसं नेमता येतात, पैसे हलवता येतात. तुमच्या हाताखाली बहुधा कोणीच नसतं. डेव्हलपरचा साहेब वेगळा, डिझायनरचा वेगळा. तुमच्याकडे असतात पुरावे, शब्द आणि लोकांचा विश्वास, आणि तिन्ही कमवावे लागतात.

हे वाचून उत्साह मावळला असेल तर वाईट वाटून घेऊ नका. तो आत्ताच मावळलेला बरा.

वही सुरू करा, आजच

साधी वही चालेल, फोनमधली नोट चालेल. नोंद चार ओळींची: काय दिसलं, ते तसं का असावं, पुढे काय होईल असा माझा अंदाज, आणि तो कोणत्या तारखेला, कशावरून तपासणार. पाचवी ओळ रिकामी सोडायची. तिथे नंतर निकाल लिहायचा.

चौथी ओळ सगळ्यांत महत्त्वाची आणि नेमकी तीच लोक टाळतात. तारीख नसलेला अंदाज कधीच चुकत नाही. "हे ॲप फार काळ चालणार नाही" याला अंदाज म्हणत नाहीत. "या ॲपने आज हलवलेलं शोधाचं बटण तीन महिन्यांत मूळ जागी येईल, कारण रोज वापरणाऱ्यांचा हात आता चुकतोय" हा अंदाज झाला. सोबत खात्री किती तेही लिहा: दहात सहा, दहात नऊ.

सुरुवातीला हात बसावा म्हणून जुन्या घटनांवर सराव करा. निकाल झाकून ठेवायचा, स्वतःचा अंदाज लिहायचा, मग निकाल पाहायचा. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्ट बटण काढलं. कारण नुसतं वेडेपणाचं नव्हतं: टच स्क्रीन वाढत होत्या आणि एकच रूप सगळीकडे चालवायचं होतं. तुम्ही त्या बैठकीत असता तर काय म्हणाला असता? वर्षभरात, ८.१ मध्ये, ते बटण परत आलं.

दुसरं उदाहरण जरा फसवं आहे. ट्विटरने नोव्हेंबर २०१७ मध्ये १४० अक्षरांची मर्यादा २८० वर नेली. आता सगळे दुप्पट लांब लिहिणार आणि मजाच जाणार, असा तेव्हा गलका झाला. ट्विटरने नंतर दिलेल्या आकड्यांनुसार इंग्रजीतली सुमारे ९ टक्के ट्वीट्स जुन्या मर्यादेला टेकत होती, नव्या मर्यादेला जेमतेम १ टक्का टेकू लागली. बहुतेक लोक पूर्वीइतकंच लिहीत राहिले. मर्यादा वाढवल्याने ज्यांची अडचण होत होती त्यांची सुटली, बाकीच्यांची सवय तशीच राहिली. माझा स्वतःचा अंदाज तेव्हा साफ चुकला होता आणि तो वहीत आहे, म्हणूनच आठवतो. लिहिला नसता तर आज "मला तेव्हाच माहीत होतं" असं छातीठोकपणे सांगितलं असतं.

रोजच्या वस्तू: फुकटची शाळा

दिवसातून एक नोंद पुरते, पण ती जिथे तुम्ही अडखळलात तिथली हवी. दार ओढायचं होतं आणि तुम्ही ढकललंत. लिफ्टमध्ये आत शिरणाऱ्यासाठी दार उघडं ठेवायला गेलात आणि घाईत बंद करायचं बटण दाबलंत. एका अर्जात तीच माहिती दोनदा भरलीत. अशा वेळी आपण स्वतःला वेंधळं म्हणून पुढे जातो. तिथे थांबायचं.

एटीएमचं उदाहरण मला फार आवडतं. सुरुवातीच्या काही यंत्रांत पैसे आधी येत आणि कार्ड नंतर. माणूस पैशांसाठी आलेला असतो. पैसे हातात पडले की त्याच्या मनातलं काम संपतं आणि कार्ड यंत्रातच राहून जातं. मुख्य काम झाल्यावर उरलेली शेवटची पायरी विसरणं ही माणसाची सवयच आहे. उपाय सूचनेचा फलक लावण्यात नव्हता. क्रम उलटा केला: कार्ड घेतल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत. आता हेच डोळे घेऊन इतरत्र पाहा. फाइल जोडायची राहून गेलेले ईमेल, झेरॉक्स यंत्रात विसरलेला मूळ कागद, पंपावरून निघताना उघडंच राहिलेलं टाकीचं झाकण: सगळी एकाच कुळातली. तुमच्या ॲपमध्ये "पैसे भरले" या स्क्रीननंतर तुम्ही आणखी काही महत्त्वाचं विचारत असाल, तर बरेच लोक ते न पाहताच निघून जाणार, हा अंदाज तुम्हाला आता आकडे न बघता करता यायला हवा.

अर्जात तीच माहिती दोनदा का मागतात? बहुधा दोन विभागांनी आपापले रकाने घातले आणि ते एकत्र बसले नाहीत. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये मांडलं की संस्था ज्या व्यवस्था बांधतात त्यांचा आराखडा त्या संस्थेतल्या आपसांतल्या संवादासारखाच उतरतो. एखाद्या संकेतस्थळाचा मेन्यू उघडून त्या संस्थेत कोणते विभाग असतील याचा अंदाज करा. गंमत म्हणून करण्यासारखं आहे आणि आश्चर्य वाटेल इतक्या वेळा जमतं.

प्रत्येक वस्तूला विचारायचा एक प्रश्न मात्र कायम ठेवा: याचे पैसे कोणी दिले आणि हे वापरतो कोण? कंपनीतलं रजा टाकायचं सॉफ्टवेअर असं का असतं, याचं उत्तर त्या प्रश्नात आहे. ते विकत घेणाऱ्याला अहवाल हवे होते. रजा टाकणाऱ्याला कोणी विचारलंच नाही. म्हणून "डिझाइन वाईट आहे" असं लिहून नोंद संपवू नका. ते वाईट राहूनही कोणाचं काय अडत नाही, ते शोधा.

वाचन: कमी, सावकाश आणि हिशोबाने

आता पुस्तकं. लांबलचक यादी देत नाही, कारण यादी जमवण्यातच लोकांचं सहा महिन्यांचं समाधान होतं.

पहिलं पुस्तक डॉन नॉर्मन यांचं. ते १९८८ मध्ये 'द सायकॉलॉजी ऑफ एव्हरीडे थिंग्ज' या नावाने आलं आणि नंतर 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज' झालं. नाव बदलण्यामागची गोष्टही वहीत लिहिण्यासारखी आहे. पहिल्या नावामुळे दुकानदार ते मानसशास्त्राच्या कपाटात ठेवत आणि ज्या डिझाइनवाल्यांनी ते वाचायला हवं होतं ते त्या कपाटाकडे फिरकत नसत. वस्तू चुकीच्या का वापरल्या जातात हे शिकवणाऱ्या पुस्तकाचं नावच चुकीच्या ठिकाणी नेत होतं! दुसरं, रॉब फिट्झपॅट्रिक यांचं 'द मॉम टेस्ट' (२०१३): छोटंसं, दोन बैठकांत संपणारं, फक्त लोकांशी कसं बोलावं यावरचं. मग केगन यांचं 'इन्स्पायर्ड', कामाचा एकूण नकाशा कळावा म्हणून. आणि नोकरी लागल्यावर, त्याआधी नाही, अँडी ग्रोव्ह यांचं १९८३ चं 'हाय आउटपुट मॅनेजमेंट'. इंटेल चालवणाऱ्या माणसाने लिहिलेलं हे पुस्तक बैठका, निर्णय आणि वेळ यांकडे कारखानदाराच्या नजरेने बघतं. आधी वाचलंत तर कोरडं वाटेल. चार निरर्थक बैठका सोसल्यावर वाचलंत तर पान न् पान पटेल.

पहिल्या वर्षाला ही चार पुरेत. वाचताना एक नियम: एका प्रकरणातून एक गोष्ट उचलायची आणि आठ दिवसांत कुठेतरी वापरायची. वापरता येत नसेल तर पुढचं प्रकरण उघडायचं नाही. वेग मंदावतो, पण तेच हवं आहे.

दुसरं पथ्य शंकेचं. अशी पुस्तकं बहुतेक यशस्वी कंपन्यांच्या अनुभवावर उभी असतात. तीच पद्धत वापरून बुडालेल्यांनी पुस्तक लिहिलेलं नसतं. म्हणून प्रत्येक सल्ल्याला विचारा: ही कंपनी किती मोठी होती, पैसा किती होता, चूक झाली तर कितीत पडली असती? कोट्यवधी लोक वापरतात तिथे दोन रंगांची बटणं तुलनेला लावून महिनाभरात निकाल मिळतो. तुमचे दोनशे ग्राहक असतील तर तोच प्रयोग निव्वळ नाणेफेक.

पुस्तकांपेक्षा मला जास्त शिकवलं ते ज्याला कोणी वाचन म्हणत नाही अशा मजकुराने. ॲपवरच्या प्रतिक्रियांत तीन तारेवाल्या वाचा. एक तारेवाला चिडलेला असतो, पाचवाला खूश, तीनवाला मात्र "हे छान आहे, पण..." असं म्हणून नेमकं बोट ठेवतो. अपडेटसोबत येणाऱ्या नोंदी सलग दोन वर्षांच्या वाचा, म्हणजे कंपनी कशाच्या मागे आहे आणि काय गुपचूप सोडून दिलं ते दिसतं. मदतीची पानं वाचा: जिथे स्पष्टीकरण लांबलचक आहे तिथे प्रॉडक्टमध्ये गाठ आहे. आणि बंद पडलेल्या गोष्टींबद्दल वाचा. क्विबी ही छोट्या व्हिडिओंची सेवा एप्रिल २०२० मध्ये प्रचंड भांडवलावर सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये बंद झाली. ती प्रवासात, येता-जाता बघण्यासाठी होती आणि आली तेव्हा जग घरात बसलं होतं. पण फक्त तेवढंच कारण होतं का? त्याच काळात इतर छोटे व्हिडिओ धो धो चालत होते. तुमचं मत लिहा, मग लोकांनी काय लिहिलं ते शोधा.

माणसांशी बोलायला शिका

"ऐकावे जनाचे, करावे मनाचे" ही म्हण प्रॉडक्ट मॅनेजरच्या टेबलावर लिहून ठेवावी असं कोणी म्हणालं तर मी अर्धाच होकार देईन. जनाचं ऐकायचं, पण त्यांनी काय मागितलं ते नव्हे. त्यांनी काय केलं ते. आणि करायचं ते आपल्या मनाचं नव्हे, पुराव्याचं.

प्रश्न भूतकाळातले हवेत. "असं फीचर आलं तर वापराल का?" हा प्रश्न टाळाच, त्याला माणूस सौजन्याने हो म्हणतो. त्याऐवजी: "हे काम शेवटचं कधी केलंत? त्या दिवशी काय काय झालं, अगदी पहिल्यापासून सांगाल?" "मध्ये कुठे अडलं? मग काय केलंत?" "यावर काही उपाय शोधला होता का? पैसे दिले होते का? का सोडला?" ज्याने त्रासावर एकही उपाय शोधला नाही, त्याचा त्रास तो सांगतो तेवढा मोठा बहुधा नसतो. उत्तर संपल्यावर मनात पाच आकडे मोजा. त्या शांततेनंतर माणूस जे बोलतो ते पहिल्या उत्तरापेक्षा खरं असतं.

सरावासाठी नोकरी लागत नाही. घरात कोणी नवा फोन घेतला असेल तर त्यांच्याशेजारी बसा आणि त्यांना एकच काम करायला सांगा. मदत करायची नाही. हे फार अवघड जातं, हात शिवशिवतात. पण "अगं आई, तिथे दाब ना" म्हटलंत की निरीक्षण संपलं.

किती जण पुरे? वस्तू वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००० मध्ये पाच जणांचा हिशोब लोकप्रिय केला. त्यांच्या माहितीत एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होत होत्या; त्या गणिताने पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. पण नीट लक्षात घ्या, हा हिशोब वापरातल्या अडचणी शोधण्यापुरता आहे. लोकांना ती वस्तू हवी आहे का, याचं उत्तर पाच जणांकडून मिळत नाही. माझ्या त्या सहा ग्राहकांनी मला तेच शिकवलं.

आकड्यांची भीती घालवा, आणि भक्तीही

एक काल्पनिक ॲप घ्या. महिन्यात १०,००० जणांनी डाउनलोड केलं, ४,००० जणांनी नोंदणी केली, १,००० जणांनी पहिलं काम पूर्ण केलं. टीमने नोंदणीचा अर्ज छोटा केला. पुढच्या महिन्यात डाउनलोड तितकेच, नोंदणी ५,०००, पहिलं काम पूर्ण करणारे १,०५०. सुधारणा झाली का?

नोंदणी बघणारा म्हणेल २५ टक्के वाढ, टाळ्या. नोंदणी केलेल्यांपैकी किती जणांनी काम पूर्ण केलं हे बघणारा म्हणेल प्रमाण २५ टक्क्यांवरून २१ वर घसरलं, गडबड आहे. पहिलं काम पूर्ण करणाऱ्यांची संख्या बघणारा म्हणेल ५ टक्के वाढ. तिघांचे आकडे बरोबर आहेत. अर्ज छोटा केल्यामुळे जे जास्तीचे हजार आत आले त्यांतल्या बहुतेकांना काम करायचंच नव्हतं, आणि पन्नास जण असे होते की ज्यांना करायचं होतं पण लांब अर्जाने अडवलं होतं. तेही महिन्यागणिक होणारा नेहमीचा चढउतार वजा केल्यावर. भागाकारात खाली काय आहे हे विचारण्याची सवय लागली की निम्मं काम झालं.

म्हणूनच एखाद्या टीमला "नोंदणी वाढवा" असं लक्ष्य देणं धोक्याचं. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंदर्भात जे निरीक्षण मांडलं त्याचा व्यवहारी अर्थ असा: मोजमाप हेच लक्ष्य झालं की ते मोजमाप म्हणून बिघडतं. प्रत्येक लक्ष्यासोबत एक राखणदार आकडा ठेवा. नोंदणी वाढवायची असेल तर महिन्याभराने टिकलेल्यांची संख्या सोबत बघायची.

तंत्र किती यायला हवं? एसक्यूएलमध्ये, म्हणजे साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारायच्या भाषेत, माहिती निवडणं, गाळणं, गट पाडून मोजणं आणि दोन तक्ते जोडणं एवढं जमलं तरी डेटा टीमच्या रांगेत ताटकळावं लागत नाही. रोज अर्धा तास दिलात तर सहा-आठ आठवड्यांत होतं. कोड लिहिता यायलाच हवा असं नाही. पण एपीआय (दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत) म्हणजे काय, चाचणी का लागते, जुना कोड बदलायला वेळ का लागतो, हे डेव्हलपरला विचारून समजून घ्या. विचारायची लाज वाटते तोवर तुमचे वेळेचे अंदाज हवेतच राहणार.

एक पान लिहा

२००४ मध्ये ॲमेझॉनच्या वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार झालं. त्याऐवजी जास्तीत जास्त सहा पानांचं सलग गद्य लिहायचं आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी ते शांतपणे वाचायचं. मुद्द्यांच्या टिकल्यांमागे विचारातली भोकं लपतात; सलग वाक्यांत "म्हणून" लिहावं लागतं आणि तिथे खोटं पकडलं जातं.

तुम्ही सहा नको, एकच पान लिहा. कोणाची अडचण, ती आहे कशावरून, आज ते लोक काय करतात, आपण काय सुचवतो, काय मुद्दाम करणार नाही, यश कशावरून ओळखू, आणि काय दिसलं तर हे काम थांबवू. शेवटचा मुद्दा मी कोणत्याही तयार नमुन्यात पाहिला नाही. स्वतःच्या चुकांतून आलाय. थांबायची अट आधी लिहिली नाही तर नंतर कोणालाच थांबवत नाही. केलेल्या कष्टांचा मोह पडतो.

प्राधान्यक्रम ठरवण्याची सूत्रं पुष्कळ आहेत: किती जणांना उपयोग, परिणाम किती, खात्री किती, मेहनत किती, मग गुणाकार-भागाकार. वापरा, पण एक डोळा उघडा ठेवून. निर्णय आधी होतो आणि आकडे नंतर त्याला साजेसे बसवले जातात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय (आणि, खरं सांगायचं तर, केलंय) की आता सूत्राच्या उत्तरापेक्षा त्यावर झालेला वाद मला जास्त कामाचा वाटतो.

नोकरीपर्यंतची वाट

गूगलने २००२ मध्ये मारिसा मेयर यांच्या पुढाकाराने असोसिएट (म्हणजे नवख्या) प्रॉडक्ट मॅनेजरचा उपक्रम सुरू केला, तेव्हापासून कॉलेजातून थेट या कामात येण्याची वाट तयार झाली. इतर कंपन्यांनीही ती उचलली, पण जागा मोजक्याच असतात. बहुतेक जण आडवाटेनेच येतात: सपोर्ट, टेस्टिंग, डेव्हलपमेंट, विक्री, डिझाइन, विश्लेषण. बाहेर शंभर अर्ज करण्याआधी आहात त्याच कंपनीत प्रयत्न करा. तिथे तुम्हाला ग्राहक माहीत आहे आणि लोक तुम्हाला ओळखतात.

पद मागू नका, अनाथ प्रश्न शोधा. प्रत्येक कंपनीत असा एक त्रास असतो जो सगळ्यांना माहीत आहे आणि ज्याचा मालक कोणीच नाही. सपोर्टमध्ये असाल तर तीन महिन्यांच्या तक्रारी स्वतः वाचून गट पाडा. सर्वांत मोठ्या गटातल्या पाच ग्राहकांना फोन करा. एक पान लिहा आणि प्रॉडक्ट मॅनेजरला म्हणा, "हे वाचून बघाल का? कुठे चुकलंय ते सांगा." बहुतेक जण बॅकलॉगखाली, म्हणजे करायच्या राहिलेल्या कामांच्या यादीखाली, दबलेले असतात; तयार पुरावा हातात देणारा माणूस त्यांना हवाच असतो. असं दोन-तीनदा झालं की तुम्ही ते काम करत असता, नाव तेवढं द्यायचं राहिलेलं असतं. अर्थात, काही ठिकाणी नाव कधीच दिलं जात नाही आणि काम मात्र करून घेतलं जातं. सहा महिन्यांनी स्पष्ट विचारा. उत्तर गोलमोल आलं तर ती पानं आणि ते निकाल घेऊन बाहेर पडा. गोपनीय आकडे आणि ग्राहकांची नावं मात्र काढून टाका.

बाहेर अर्ज करताना प्रसिद्ध ॲपचं "मी केलेलं नवं रूप" पाठवू नका. निवड करणाऱ्यांनी अशी पन्नास पाहिलेली असतात आणि त्यात त्या टीमच्या अडचणींचा विचार कुठेच नसतो. उंटावरून शेळ्या हाकण्यासारखं ते दिसतं. त्यापेक्षा एखादी छोटी खरी गोष्ट करा. एखाद्या संस्थेच्या स्वयंसेवकांची नावनोंदणी सोपी करून द्या, एखाद्या वाचनालयाची पुस्तक-नोंद नीट लावा, भले साध्या स्प्रेडशीटमध्ये. आधी किती वेळ लागत होता, नंतर किती, कोणी वापरायचं सोडलं आणि का, हे लिहा. बायोडेटातही "अमुक फीचर लाँच केलं" याला अर्थ नाही. लाँच केल्याने काय बदललं ते लिहा, आणि काहीच बदललं नसेल तर त्यातून काय कळलं ते.

मुलाखतीत "तुमचं आवडतं प्रॉडक्ट कोणतं आणि तुम्ही त्यात काय बदलाल?" हा प्रश्न हमखास येतो. वही नियमित भरली असेल तर पाठांतर लागत नाही. बदल सुचवण्याआधी ते प्रॉडक्ट आज तसं का आहे, हे आधी सांगा; बहुतेक उमेदवार थेट बदलावर उडी मारतात. "तुमचा चुकलेला निर्णय सांगा" याला तर तुमच्याकडे तारखेसह उत्तर असेल.

महिनाअखेरचा अर्धा तास

महिन्यातून एकदा, अर्धा तास, वहीत तारीख उलटून गेलेले अंदाज काढून पाचवी ओळ भरा. किती बरोबर यापेक्षा कशा प्रकारचे चुकले ते पाहा. जिथे दहात नऊ खात्री लिहिली होती ते खरंच दहात नऊ वेळा बरोबर आले का? सहा महिन्यांत पन्नास-साठ निकाल जमले की स्वतःचा कल दिसू लागतो. कोणी किमतीचा परिणाम कमी धरतो, कोणी स्वतःसारख्याच लोकांचा विचार करतो.

माझा कल असा निघाला की लोक नवी गोष्ट किती लवकर स्वीकारतील हे मी जवळपास दुप्पट धरतो. तेव्हापासून मनात आलेला आकडा मी निम्मा करून लिहितो. त्या रिपोर्टच्या फीचरचं पुढे काय झालं तेही सांगतो: आलेख काढून टाकले आणि सोमवारचा स्वयंचलित ईमेल आला, तीन आकड्यांचा. माझा अंदाज होता, तीन महिन्यांत चाळीस ग्राहक तो सुरू करतील. पाचव्या ओळीत त्रेपन्न लिहिलंय आणि शेजारी एक टीप: "यातले नऊ जण ईमेल उघडतच नाहीत. का? पुढच्या आठवड्यात दोघांना फोन."